चित्र नको, आवाज हवा

आमच्या गल्लीतले नाना माझ्या कॉम्प्युटर क्लासला येतात ते चपला बाहेर काढून, टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून. तक्रार सांगायच्या आधी "बाकी बठ्ठं ठीक शे" म्हणायची त्यांना सवय आहे.

मागे एकदा म्हणाले, "स्क्रीन बंद व्हायला पाहिजे, पण आवाज चालू राह्यला पाहिजे. असं काही बटन शे का?"

झाकण लावलं की आवाजही जातो, हे त्यांनी करून पाहिलं होतं. त्यांच्या लॅपटॉपवर एफएन आणि एफ-सिक्स एकत्र दाबलं की ते जमतं. मी दाखवलं. नानांनी ते पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं, पेटी शिकायला बसल्यासारखं. बॅटरी वाचवायला चाललंय, असं मी मनात म्हटलं. पारोळ्यात लाईटचा भरवसा नाही, आणि नानांचा हात तसा आखडताच.

परवा संध्याकाळी ज्वारीचे बिबडे, आमच्याकडचे पापड, द्यायला त्यांच्या घरी गेलो. लॅपटॉपचा स्क्रीन काळा होता, त्यातून विनोदी नाटक ऐकू येत होतं, आणि समोर नाना आणि त्यांच्या पत्नी, अक्का, बसले होते. अक्कांची नजर गेली त्याला आता वर्ष होईल.

"नाना, स्क्रीन लावून देऊ?" मी विचारलं.

"नको रे." नानांनी अक्कांकडे मान वळवली. "माले दिसस ना, मंग मी हिना आधी हसी देस."

नाटकात दार वाजलं तसं अक्कांनी विचारलं, "आते कोन उना?"

"माले काय माहीत? ऐक."

नाटकात कुणीतरी धाडकन आपटलं. दोघं एकदमच हसले.