पाय पोचतो का?

पोर्टरव्हिल गावात डेल्बर्ट पूलच्या गाडीबद्दल ऐकलं नाही असा माणूस नव्हता. ती पाहिलेली माणसं मात्र थोडी, कारण गाडी कायम सुटी करून ठेवलेली असे. संत्र्यांच्या पॅकिंग हाउसमधले सरकते पट्टे दुरुस्त करणं हे डेल्बर्टचं पोटापाण्याचं काम. ऐन हंगामात पट्टा अडला की मालक स्वतः त्याच्या दारात येऊन उभा राही आणि डेल्बर्ट तासाभरात काम उरकून परत येई. घरच्या गाडीला मात्र त्याने घाई अशी कधी केली नाही. "घाईच असती तर विकत नसती घेतली?" असं तो म्हणे, आणि हे वाक्य त्याने इतक्या वेळा ऐकवलं होतं की त्याची बायको नोरीन ते त्याच्या आधी पुरं करून मोकळी होई.

गाडी म्हणजे बत्तीस सालची फोर्ड, दोन माणसांची, टप नसलेली. एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागे ती पडली होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. असं धूड घरी आणायचं, त्याची मडगार्डं काढून फेकायची, त्याला जमिनीलगत आणायचं, समोरची काच कापून ठेंगणी करायची आणि मूळच्या चौपट ताकदीचं इंजिन आत कोंबायचं, हा त्या खोऱ्यातल्या पुरुषांचा धर्मच होता. चर्चला न जाणारे होते, मतदान न करणारे होते, पण गॅरेजमध्ये अशी एखादी गाडी नाही म्हटल्यावर लोक तुम्हाला तब्येत विचारत.

या धर्माची जत्रा मे महिन्यात सक्सेस नावाच्या तळ्याकाठी भरायची. जत्रेचा नियम एकच. ज्याने गाडी बांधली त्याने ती चालवत आणायची. कोणी ट्रेलरवर घालून आणली, तर त्याला फुलाफुलांचा एप्रन बांधून दिवसभर सगळ्यांना बीन्स वाढाव्या लागत. डेल्बर्ट दरवर्षी पिकअप घेऊन जाई, वाढलेलं खाई आणि इतरांच्या गाड्यांच्या चुका काढी. चुका काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्याचा शाळेपासूनचा मित्र वेंडल होल्कम गॅसच्या टाक्या भरून देण्याचा धंदा करायचा. त्याची पिवळीधमक गाडी केव्हाच रस्त्यावर आली होती.

"काय रे डेल्बर्ट, यंदा तुझी राणीसाहेब कुठे?" वेंडल विचारी. "की अजून न्हाणीघरातच?"

गेल्या वर्षी हा टोमणा जरा जास्तच लागला. डेल्बर्ट बाकावर उभा राहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "पुढच्या मे महिन्यात मी गाडी चालवत आणीन. नाही आणली, तर मरेपर्यंत दरवर्षी मी बीन्स वाढीन, एप्रनसकट!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. वेंडलच्या बायकोने, लॉरेटाने, डेल्बर्टच्या कमरेचं माप डोळ्यांनी घेऊन ठेवलं. तोंडातून शब्द गेला तो गेला, आणि डेल्बर्टसारखा माणूस शब्दासाठी उपाशी राहील पण एप्रन बांधणार नाही.

आता अशी गाडी बांधणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. प्रत्येक भाग दुसऱ्याच्या जागेवर डोळा ठेवून असतो. इंजिन बसलं की स्टेअरिंगच्या पेटीला जागा उरत नाही. पेटी सरकवली की धुराचा पाइप तिला घासतो. पाइप वळवला की क्लचचा दांडा अडतो. इंजिन थोडं मागे घ्यायचं म्हणून डेल्बर्टने इंजिन आणि माणसाचे पाय यांच्यामधला पत्रा कापून मागे सरकवला. गिअरबॉक्स मोठा निघाला म्हणून जमिनीच्या पत्र्याला कुबड आणलं. गाडी बाहेरून नीट बेतलेली दिसावी म्हणून काच आधी दोन बोटं कापली, मग पुन्हा दोन बोटं. रंगाआधी सगळी गाडी उघड्या पत्र्यावर जुळवायची, नजरेखालून घालायची, आणि पुन्हा नटनट सुटी करायची. असं त्याने किती वेळा केलं हे नोरीनलाच ठाऊक, कारण दर वेळी बोलावणं तिलाच यायचं.

"नोरीन! जरा ये गं!"

"करपली ना माझी बिस्किटं!"

"एक मिनिट फक्त. बस आत."

नोरीन हात पुसत येई आणि सीटच्या जागी टाकलेल्या फळीवर बसे. डेल्बर्ट रस्त्याच्या पलीकडे जाऊन, एक डोळा मिटून गाडी बघत राही. आत बसलेल्याला गाडी दिसत नाही, आणि गाडी बघायची तर आत कोणीतरी बसलेलं हवंच, हा त्याचा सिद्धान्त होता. सिद्धान्तात खोट नव्हती. पहिल्या वर्षी तो स्वतः एकदा लाकडी खोक्यावर बसला होता खरा, पण तेव्हा पत्रा पुढे होता, काच उंच होती आणि डेल्बर्टही बारीक होता.

"स्टेअरिंग धर. हात अवघडतो का?"

"अवघडतो. खाली घे थोडं."

"आणि पाय पोचतो का?"

"नाही पोचत."

मग डेल्बर्ट पेडल अलीकडे घेई. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी नोरीन उंचीने त्याच्या खांद्यालाही पुरी लागत नव्हती. पण कामात गढलेल्या माणसाला असल्या बारीक गोष्टी कुठून दिसणार? पाव इंचाची फट त्याला दहा हातांवरून दिसायची.

एप्रिल संपता संपता गाडी काळ्याभोर रंगात उभी राहिली. चुई नावाच्या सीटवाल्याने लालभडक कातड्याची, चांगली जाडजूड सीट शिवून बसवली. जत्रेच्या आदल्या दिवशी डेल्बर्टने दाढी केली, धुतलेला शर्ट घातला, शेजारी ऐकतील अशा बेताने दार उघडलं आणि आत बसायला गेला.

उजवा पाय आत गेला. डावा जाईना. डावा कोंबला तेव्हा गुडघा स्टेअरिंगखाली असा अडकला की ना पुढे, ना मागे. पोट स्टेअरिंगला टेकलं. ब्रेकवर पाय ठेवायला गेला की क्लचही दाबला जाई. आणि काचेची वरची चकचकीत कड नेमकी त्याच्या डोळ्यांसमोर आली, म्हणजे रस्ता बघायचा तर एकतर मान ताठ करून वारा खायचा, नाहीतर वाकून नाक स्टेअरिंगवर घासायचं. गाडीत सगळं मावलं होतं. बांधणारा तेवढा मावत नव्हता.

नोरीनने त्याचा बूट धरून ओढला तेव्हा तो सुटला.

"सीट काढून टाकतो," तो म्हणाला.

"आणि फळीवर बसून जाशील?"

"पेडल पुढे घेतो."

"मग जमिनीचा पत्रा कापावा लागेल. रंग जळेल."

डेल्बर्ट गॅरेजच्या उंबऱ्यावर बसला. भला मोठा माणूस, पण त्याचा चेहरा बघवेना. "म्हणजे एप्रन," तो म्हणाला. "वेंडल फोटो काढेल गं. दुकानात लावेल."

"मी चालवते," नोरीन म्हणाली.

डेल्बर्टने वर पाहिलं. स्वतः गाडीत असताना त्याने आजवर दुसऱ्या कोणालाही ती चालवू दिली नव्हती. नोरीनच्या वाट्याला घरची स्टेशन वॅगन, तीही तो बरोबर नसतानाच. खरंतर ती टिप्टन गावच्या कापूसवाल्यांची मुलगी, भावांना मिसरूड फुटण्याआधी बापाचा कापसाचा ट्रक तिने जिनिंगला नेला होता. ही गोष्ट डेल्बर्टला माहीत होती, पण कामाची वाटली नव्हती. आता अडला हरी म्हणतात तसं झालं, आणि त्याने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी नोरीन डोक्याला रुमाल बांधून बसली. स्टेअरिंग तिच्या हातात नेमकं आलं. पाय पेडलवर टेकले. काचेतून सगळा रस्ता दिसत होता. क्लच असा सुटला की डेल्बर्टला धक्काही जाणवला नाही, आणि ते त्याला जरा लागलं.

तळ्याकाठी गाडी शिरली तशी माणसं हातातल्या ताटल्यांसकट उठली. असं काम कोणी पाहिलं नव्हतं. पण वेंडलच्या हातात एप्रन तयार होता.

"नियम म्हणजे नियम! बांधणाऱ्याने चालवायची. बायकोच्या शेजारी बसून आलास, हा ट्रेलरच झाला की!"

नोरीन खाली उतरली.

"बस बरं आत, वेंडल," ती म्हणाली.

वेंडल बसायला गेला आणि अडकला. त्याला काढायला दोघे लागले. मग आणखी तिघांनी नशीब आजमावलं, त्यातला एक तर चांगला शिडशिडीत होता.

"आत फक्त मी मावते," नोरीन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "माझ्या मापावर बांधली आहे. एकेक पेडल, एकेक बोट. इतकी वर्षं कशाला लागली असं वाटतं तुम्हाला?"

मग बायकांच्या बाजूने एक लांब सुस्कारा आला. लॉरेटा डोळे पुसत पुढे आली, तिने नवऱ्याच्या हातातला एप्रन घेतला आणि त्याच्याच कमरेला बांधला. "तुझ्या त्या पिवळीत मी बसले की माझे पाय लोंबकळतात," ती म्हणाली. "कधी विचारलंस?"

त्या दिवशी बीन्स वेंडलने वाढल्या. डेल्बर्टला मांसाचा सगळ्यात चांगला तुकडा मिळाला, पीचच्या केकचे दोन तुकडे मिळाले आणि परक्या बायकांनी त्याचे हात हातात घेतले. ज्या माणसाने लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला व्हॅक्यूम क्लीनर दिला होता, आणि तोही आठवड्याभरात पत्र्याची धूळ ओढायला गॅरेजमध्ये नेला होता, तो संध्याकाळपर्यंत खोऱ्यातला आदर्श नवरा होऊन बसला. नवरे त्याच्याकडे विषारी नजरेने बघत होते. डेल्बर्ट मान खाली घालून खात होता.

परतीच्या रस्त्यावर संत्र्यांच्या बागा लागल्या, तेव्हा त्याला राहवेना.

"नोरीन, ती मी तुझ्यासाठी नव्हती बांधली."

"माहीत आहे मला."

"चुकून झालं ते."

"तुझ्याकडून चुकून झालं," नोरीन म्हणाली.

हे डोक्यात शिरायला डेल्बर्टला एक अख्खी बाग लागली.

"मी मावणार नाही हे तुला कधी कळलं?"

"तो पत्रा मागे घेतलास ना, तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तू काय विचारायचास? तुझा पाय पोचतो का. त्याचं उत्तर मी देत होते."

"खरं देत होतीस?"

"आधी खरं. नंतर पोचत होता, पण म्हटलं पेडल आणखी दोन बोटं अलीकडे आलं तर बरं."

डेल्बर्टची कानशिलं तापली. इतकी वर्षं, इतके नट, इतके रविवार! "अगं, सरळ मागायचीस ना!" तो ओरडला. "मला चालवायची आहे म्हणून सांगायचंस!"

"मागितली असती तर दिली असतीस?"

डेल्बर्टने तोंड उघडलं. तो आडमुठा होता, पण खोटारडा नव्हता. त्याने खरोखर आठवून पाहिलं, त्या वर्षांत एक तरी दिवस असा होता का की त्याने दिली असती. असा दिवस त्याला सापडला नाही, आणि त्याला स्वतःची फार लाज वाटली.

"नाही," तो म्हणाला.

"हं," नोरीन म्हणाली आणि तिने वरचा गिअर टाकला.