उलटं जहाज

"हलू नका हां!" आमचे शेजारी चाचा हे कोणालाही सुनावत. फोटोला बसलेल्या नवरदेवाला, उतू जाणाऱ्या दुधाला, एकदा तर समुद्रातल्या जहाजाला.

रत्नागिरीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. डिजिटल आलं तसा तो ओस पडला. चाची आधीच गेलेल्या. एकुलता मुलगा मालवाहू जहाजावर. त्याने कुणाबरोबर तरी खिशात मावेल असा डिजिटल कॅमेरा पाठवला. स्वतःचं येणं मात्र पुढच्या खेपेवर ढकलत राहिला. मुंबईहून कोचीनला जाताना त्याचं जहाज रत्नागिरीसमोरून जाई. आदल्या दिवशी आमच्याकडे फोन येई, "काकी, अब्बांना सांगा, उद्या दुपारी. डेकवरून चादर हलवीन."

चाचांना चादर नको होती. पोराचं तोंड बघायचं होतं.

मग त्यांनी स्टुडिओतल्या जुन्या कॅमेऱ्याची लांबुडकी लेन्स काढली, तिच्यामागे मोडक्या दुर्बिणीचं भिंग लावलं आणि त्यामागे हा चिमुकला कॅमेरा. सांधायला नळाच्या पाइपचा तुकडा, फट बुजवायला सायकलच्या ट्यूबची पट्टी. पहिली चाचणी माझ्यावर. मी तेव्हा स्वतःला भलती देखणी समजत असे. पदर सावरून, मान तिरकी करून अंगणाच्या टोकाला उभी राहिले. छापून आलेल्या फोटोत काळ्या गोलाच्या मधोमध काय, तर माझी मिशी!

"लेन्स चांगली आहे," चाचा गंभीरपणे म्हणाले.

दीपगृहाजवळच्या कातळावर त्यांनी कॅमेरा ठेवायला एक सपाट दगड हेरला होता. उन्हात कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर काही दिसेना, म्हणून छत्री धरायला मी. जहाज आलं. मी स्क्रीनमध्ये डोकावले आणि किंचाळले, "चाचा, उलटलं हो! बुडालं!"

ती नळी सगळं उलटंच दाखवते, हे चाचांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी आधी दचकून समुद्राकडे पाहिलं. मग म्हणाले, "वैनी, जहाज सरळ आहे. फोटो फिरवून धरायचा."

"मग आधी सांगायचं ना!"

"तुम्ही बोलू द्याल तर!" आणि जहाजाकडे वळून ओरडले, "हलू नका हां!"

फोटोत तांदळाएवढं जहाज. त्यावर एक पांढरा ठिपका, शेजारी एक काळा.

"हा बघा. नाक अगदी चाचीचं."

मला नाक सोडा, माणूसही दिसेना. "चाचीचंच," मी म्हटलं.

नंतर प्रत्येक खेपेला त्यांनी पाइप बदलला, भिंग पुढेमागे केलं. ठिपका ठिपकाच राहिला.

एका वर्षी आंबे उतरायच्या आधीच चाचा गेले. मुलगा भर समुद्रात. माती द्यायलाही पोचला नाही. काही दिवसांनी फोन आला. "काकी, उद्या दुपारी." मग त्याने विचारलं, "चादर हलवू?"

"हलव रे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कातळावर गेले. उघड्या डोळ्यांना क्षितिजावर एक रेघ दिसली, चादर काही दिसली नाही. छत्री मात्र मी त्या रिकाम्या सपाट दगडावर धरून बसले होते, ऊन लागू नये म्हणून.