तुरटीचा हात

"मान हलवू नकोस गं चिमणे, कान माझ्या हातात राहील."

"राहू दे. मग आई ओरडली की तूच ऐक."

न्हावी हसला, आणि तेवढ्यात कात्रीचं टोक लेकीच्या कानामागे लागलं. टाचणी टोचावी एवढंच. त्यानं सवयीनं तुरटी लावली. उभ्या गावाचे गाल त्यानं तुरटीवरच सांभाळले होते. पण इथं रक्त थांबेना. रुमाल किती वेळ दाबून धरला, तेव्हा कुठं आवरलं.

मागं मोठ्या तापातून चिमणी उठली खरी, पण त्या आजारानं तिच्या हृदयाची एक रक्तवाहिनी फुगली होती. तिथं रक्त साकळून गाठ होऊ नये म्हणून डॉक्टरीणबाईंनी रक्त पातळ करायची गोळी दिली होती, रोजची. न्हाव्याला ते समजत होतं; हाताला पटत नव्हतं. ज्यानं जन्मभर रक्त थांबवलं, त्यानंच पोरीचं रक्त न थांबणारं करायचं? दुसऱ्या दिवसापासून गोळी गुपचूप मोरीत जाऊ लागली.

मग तपासणी आली.

"रक्त घट्ट आलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळी पुरत नाही. वाढवून देते."

"एक दिवस चुकली नाही हो," बायको म्हणाली. "हे स्वतः भरवतात."

न्हावी गप्प बसला तर निभावत होतं. पण रक्त आणखी पातळ करणारी ती गोळी एखाद्या दिवशी बायकोनंच पोरीला भरवली तर?

"वाढवू नका," तो खाली बघत म्हणाला. "मी दिलीच नाही. कानामागचं रक्त बघून भ्यालो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. चिमणीचं हृदय लगेच यंत्रावर बघून घेतलं. गाठ नव्हती.

"तुमच्या नशिबानं नाही," त्या म्हणाल्या. "कापलं तर दाबून धरा. थांबलं नाही तर तडक इकडे आणा. पण गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. पहिलीच चालू ठेवा."

संध्याकाळी न्हावी एकाच्या गालाला फेस लावत होता, तेव्हा बायको चिमणीला घेऊन दुकानात आली, पिशवीतून गोळी काढली आणि खुर्चीतल्या गिऱ्हाइकासमोरच तिला दिली.

"आता मी देणार. तुम्ही दाढ्या करा."

चिमणी पाणी प्यायली आणि तिनं रिकामी जीभ बापाला दाखवली. त्यानं ती नीट वाकून बघितली.

"अरे, माझ्या तोंडावरचा फेस वाळला की," गिऱ्हाईक म्हणालं.

न्हाव्यानं ब्रश पाण्यात बुडवला आणि पुन्हा फेस करायला घेतला.