माडीवरचे परराष्ट्रमंत्री

जगात कुठंही दोन देशांचं बिनसलं, की त्याचा पहिला त्रास आमच्या माडीवरच्या भाडेकरूला होतो. आमचं घर संत तुकाराम नगरात. तो मूळचा मराठवाड्यातला, चाकणला एका कंपनीत कंत्राटी, गाड्यांच्या सीटा बसवतो. पण राहतो मात्र सगळ्या जगात. सात वर्षं सरकारी परीक्षा देत होता. चालू घडामोडींच्या त्याच्या तीन वह्या: एक आंतरराष्ट्रीय संबंधांची, एक अर्थव्यवस्थेची, एक राष्ट्रीय संस्कृतीची. दुनियेत काहीही घडो, या तिन्हींपैकी एकीत ते बसलंच पाहिजे; न बसलं तर घडलंच नाही. कात्रणं कापायचा ती माझ्याच पेपरातून, मी वाचायच्या आधी. मी सातवी नापास, आधीच अडखळत वाचणार, त्यात खिडक्या पडलेला पेपर. एका भोकातून मागच्या पानावरचे मयताचे फोटो दिसायचे, तेवढेच वाचायचो. ओरडलो तर म्हणायचा, "काका, देशाचं धोरण समजून घ्यायलाव का नाही तुम्ही?"

शेजारी आमच्या दारात स्कूटर लावायचा. मी दोन शिव्यांत मिटवणार होतो, पण हा मध्ये पडला. "द्विपक्षीय चर्चेनं सुटंल, काका." तीन संध्याकाळी चर्चा झाली, चहा माझ्या घरचा. शेवटी करार झाला: स्कूटर तिथंच राहणार, वर तिच्यावर घालायचं कापड आमच्या जिन्याखाली. "संबंध दृढ झाले," म्हणाला आणि वहीत लिहून ठेवलं. भाजीवालीला एकदा महागाईचा दर कसा उतरलाय ते पटवून द्यायला लागला. तिनं तागडी खाली ठेवली. "उतरलाय व्हय? मग त्या दरालाच सांग भाऊ, दोन किलो कांदा तोलून दे म्हणावं."

त्याचं ऐकून घेणारं माणूस एकच, माझी बायको. चौथी शिकलेली, पण रोज संध्याकाळी वही परातीशेजारी उघडी ठेवायची आणि भाकरी थापत त्याला प्रश्न विचारायची. पिठाच्या बोटांनी पानं उलटायची, त्यामुळं बऱ्याच देशांवर बाजरी सांडलेली असायची. एकदा तिनं मासवडी केली, तर हा संस्कृतीची वही घेऊन हजर. "काकू, ह्याला भौगोलिक मानांकन हाय का?" "मीठ हाय. गप खा." तरी त्यानं मानांकन म्हणजे काय ते अर्धा तास सांगितलं, आणि तिनं ऐकलं. माझं बोलणं तिनं उभ्या संसारात कधी इतका वेळ ऐकलं नव्हतं.

यंदा ती गेली. छातीत कळ आली, म्हणाली, जरा पडते, आणि उठलीच नाही. दहावा आला रविवारी, आणि त्याच रविवारी याची परीक्षा, रावेतच्या एका शाळेत. शेवटचीच, पुढच्या वर्षी वय बसत नव्हतं. मी म्हणालो, "तू घाटावर येऊ नको. तिला चालंल." तो म्हणाला, "शाळेचं फाटक साडेनवाला बंद होतंय, काका, आन् घाटावर तर सातला जमायचंय. काकूंवर दोन शब्द बोलतो, लगेच निघतो." भाषणाच्या यादीत त्यानं स्वतः जाऊन नाव घातलं.

आमच्याकडं दहाव्याला कावळा वेळेवर येतो, पुढारी येत नाहीत. भाषणं झाल्याशिवाय दहावा झाला असं कुणी मानत नाही, आणि मधून उठणं म्हणजे गेलेल्या माणसाचा अपमान. पहिला माजी नगरसेवक उठला, त्यानं जगातली युद्धं थांबवली. दुसरा भावी उठला, त्यानं अर्थव्यवस्था वर नेली. तिसऱ्यानं आपली थोर संस्कृती सांगितली आणि बायकोचं नाव चुकवलं. याच्या तिन्ही वह्या अशा फुकट वाचून झाल्या. माझी हिराबाई कुणाच्याच वहीत नव्हती. हा डोक्यावर पांढरी टोपी, शर्टाच्या खिशात प्रवेशपत्र, घड्याळ बघत मांडी घालून बसलेला. नऊ वाजून गेले तेव्हा मीच उठलो आणि चौथ्याच्या हातातला माईक काढून घेतला. "बायको माझी मेलीय. तुमचं इलेक्शन नंतर करा. आता हा बोलंल."

त्यानं मुद्दे लिहून आणले होते. कागद उघडला, बघितला, परत घडी घातली. "काकूंनी मला सात वर्षं प्रश्न विचारले," एवढं म्हणाला. मग हात जोडले आणि चपला हातात घेऊन पळाला.

दुपारी तीनला आला. "कशी गेली?" मी विचारलं.

"सोपी गेली, काका."

दर वेळी हा परीक्षेहून यायचा तो प्रश्नपत्रिका नाचवत. जिना चढायच्या आत पाच-सहा उत्तरांवरून सरकारशी भांडून झालेलं असायचं. आज हात रिकामे. प्रवेशपत्र खिशात सकाळच्याच घडीत. फाटकाच्या आत हा गेलाच नाही, हे समजायला शिकावं लागत नाही.

"मग होशील की पास," मी म्हणालो, आणि त्याला भात वाढला.

आता आम्ही दोघं निकालाची वाट बघतोय. रोज संध्याकाळी मी विचारतो, "लागला का रं?"

"अजून न्हाई, काका. यंदा लई उशीर करायलेत."

"करू दे," मी म्हणतो. "आपल्याला कुठं घाई हाय."