आला आणि आला नाही

ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा. मुलं हाताशी आल्यावर ती पुन्हा नोकरीला लागली होती आणि काम मिळालं होतं ते अगदी स्वभावाला साजेसं: दुसऱ्यांनी बनवलेल्या वेबसाइटमधल्या चुका शोधायच्या. "घरी हेच फुकट करत होते," असं तीच हसून सांगायची.

वेबसाइटचं पान समोरून गोजिरवाणं दिसतं. मागे मात्र ब्राउझरचा कन्सोल असतो आणि तिथे ते पान स्वतःशी अखंड पुटपुटत असतं. हे उघडलं, ते सापडलं नाही, अमुक आता जुनं झालं. त्यात बुवांची भर. बुवा म्हणजे शेजारच्या टेबलावरचे प्रोग्रामर, दाढीमुळे पडलेलं नाव. आपला प्रोग्राम कुठवर पोचला हे कळावं म्हणून ते पावलोपावली एकेक ओळ छापत, तीही मराठीत. 'फॉर्म इथवर आला.' 'फॉर्म पुढे आला.' 'फॉर्म दारात आला.'

"बुवा, हा फॉर्म आहे की जावई?"

"असू द्या हो ताई. तुम्हाला नको तर गाळा."

ताईने गाळलं. कन्सोलच्या वरच्या चौकटीत वजाचं चिन्ह देऊन एखादा शब्द लिहिला, की तो शब्द असलेली प्रत्येक ओळ नजरेआड होते. तिने पानावरच्या नकाशाची कुरकुर वजा केली, जाहिरातींची बडबड वजा केली आणि शेवटी 'आला' वजा केला. पुसलेल्या ओट्यासारखा कन्सोल लख्ख झाला. दातांच्या डॉक्टरीणबाईंची वेबसाइट तिने तशीच तपासली आणि साहेबांना सांगितलं, "साफ आहे. परवा उघडा."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं आटोपतात न आटोपतात तोच साहेब टेबलाशी आले. उघडण्याआधी डॉक्टरीणबाईंनी चार ओळखीच्यांना वेबसाइटवरून तपासणीची वेळ घेऊन बघायला सांगितलं होतं. दोघांच्या पडद्यावर नुसतं चाक फिरत राहिलं. बाई संध्याकाळी स्वतः बघायला येणार होत्या.

"ताई, तुमच्या शब्दावर मी हो म्हटलंय," साहेब एवढंच बोलले. ओरडले असते तर परवडलं असतं.

ताईने फॉर्म पुन्हा भरला. भरला गेला. वेगळं नाव, वेगळी वेळ, बहिणीचा नंबर. आता मात्र चाक फिरत राहिलं. तिने कन्सोलकडे पाहिलं. चिडीचूप. तक्रारीची एक ओळ नाही. पोट दुखतंय म्हणणारं पोर जीभही दाखवत नाही, तसं झालं होतं.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन. सकाळपासून तिसरा.

"अगं, तो प्लंबर आला..."

"बरं झालं आई. ठेवते हं, कामात आहे."

"ठेवते काय! वाक्य तरी पुरं ऐक. आला नाही म्हणतेय मी, आला नाही! तुझं हे नेहमीचंच. अर्धं ऐकायचं आणि बरं झालं म्हणायचं."

"चुकलं आई, मीच त्याला फोन करते," म्हणता म्हणता ताईची नजर पडद्यावर गेली. 'आला नाही'मध्येसुद्धा 'आला' असतोच की! आपल्या भाषेत नकार शेवटी येतो, आणि मशीन काही सासूबाई नव्हे, वाक्य पुरं ऐक म्हणून दटावायला.

तिने चौकट रिकामी केली. भसाभसा ओळी कोसळल्या. नकाशा, जाहिराती, दारातला फॉर्म आणि त्याच्याच खाली, त्याच साध्या रंगात, 'फॉर्मबरोबर नंबर आला नाही.'

"बुवा!"

बुवा खुर्ची ओढत आले. बहिणीचा नंबर ताईने मधे जागा सोडून लिहिला होता, पुष्कळ माणसं लिहितात तसा. बुवांचा प्रोग्राम नुसते आकडे मागत होता; मधली जागा दिसली की नंबर टाकून देत होता.

"सुक्याबरोबर ओलंही जाळलंत हो ताई."

"मी जाळलं, कबूल. पण आगीची बातमी अशी कुजबुजून देतात का? लाल रंगात छापायची ना!"

"बरं बाई, निम्मं पाप माझं." दाढी खाजवत बुवा कामाला लागले. आधी नंबरमधून आकडे सोडून बाकी सगळं गाळायची सोय केली, मग चूक सांगणाऱ्या ओळी लाल केल्या. ताईने प्लंबरला फोन लावला आणि सौम्य आवाजात चांगलंच सुनावलं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. ताईने आधी साहेबांना, बाईंच्या देखतच, सांगून टाकलं, "काल साफ म्हटलं ते चुकलं. चूक दिसत होती, मीच ती झाकून बसले होते. आता नीट झालंय, पण तुम्ही करून बघा."

बाईंनी आपला नंबर मुद्दाम तुकड्या-तुकड्यांत लिहिला, मधे एक रेघही घातली. बुवांनी श्वास रोखला. चाक जरासं फिरलं आणि वेळ मिळाली.

"उद्या उघडायची ना?" साहेबांनी विचारलं. पण बुवांना नाही, ताईला.

"अर्धा तास द्या," ती म्हणाली. "रेघेचं मला सुचलंच नव्हतं. लोक आणखी काय काय करतात ते बघते, मग सांगते."

"घ्या," साहेब म्हणाले आणि बाईंना चहा विचारायला गेले. ताईने खुर्ची पुढे ओढली आणि नंबरच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहून बघितलं.