खांबावरून हाक

पहाटे चारला गोजरबाईंचा दिवस सुरू व्हायचा. घरचं आटोपून सातला त्या देऊळघाटच्या शिवारात, कमरेला ओटी बांधून बीटी कापूस वेचायला उभ्या असत. बोंडअळीमुळे किडका कापूस वेगळा काढावा लागे, त्यात हात अडकत.

त्या दिवशी, आठ दिवसांपूर्वी वावरात उभारलेल्या खांबावरून हाक आली, "काकू, मागच्या तासात, त्या ओळीत, कापूस राह्यला!"

गोजरबाई दचकून खालीच बसल्या. आवाज मालकाच्या मुलाचा, ज्ञानेश्वरचा, आणि तो तर पुण्यात नोकरीला.

"काऊन रे, कुठून बोलून राह्यला?"

"पुण्यातूनच. रोही-डुकरं पीक खातात म्हणून खांबावर कॅमेरा लावला, त्यातून बोलताही येते. मोबाइलवर सारं वावर दिसते."

"सारं?"

त्यांनी तुरीच्या ओळींकडे पाहिलं. वेचणीच्या बाया आडोशाला तिकडंच जात. खांब उभारल्यापासूनचे आठही दिवस गेल्या होत्या.

"तिकडचंही दिसते का रे?"

खांबावरून हलकेच आवाज आला, "मी तिकडं पाह्यत नाही, काकू."

"मंग आमाले सांगतलं काऊन नाही?"

त्या आठवड्याच्या मजुरीतून गोजरबाईंनी बाजारातून ताडपत्री आणली आणि चार बांबू रोवून, वरूनही झाकून, बायांसाठी आडोसा उभा केला.