शेवटच्या पट्ट्यातली पांढरी लिली

अमेरिकेत, रेडमंडमध्ये गेली बावीस वर्षं मी सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि घरी यायचं. एकच चूक दोघांनी कळवली की दुसरीला 'डुप्लिकेट' म्हणून बंद करायचं, हे इतक्या वेळा केलंय की हात आपोआप तिकडे जातो. गेल्या जूनमध्ये रिलीजचा आठवडा कसाबसा संपला, शनिवारभर अंथरुणात पडून राहायचं ठरवलं, तर पहाटेच लेकीचा फोन. "आई, माझी कामावरची पार्टनर आजारी पडली. तू येशील? प्लीज?"

लेक इथेच जन्मली. डोंगरापलीकडच्या कोरड्या टेकड्यांवर रानफुलांची मोजदाद करण्याची नोकरी करते. हे काय काम आहे, असं मी तिला एकदा नाही, दहादा ऐकवलं होतं. तरी तिने मलाच बोलावलं, याचं अप्रूप वाटून मी गेले.

टेकडीवरून नवी पायवाट काढायची होती. तिथे मारिपोसा लिलीच्या दोन जाती एकमेकींत मिसळून उगवतात. जांभळी रगड आहे. पांढरी त्या टेकडीवर थोडीच उरली आहे. ती दिसेल तिथे गुलाबी झेंडी रोवायची, म्हणजे वाट तिथून वळवणार. ऐकायला सोपं होतं. पण उन्हाने जांभळी फिकी पडते आणि पांढरीवर कधीकधी जांभळट झाक असते. "रंगावर जाऊ नकोस," लेक म्हणाली. "खाली वाकून बघ. मागची हिरवी पानं पाकळ्यांपेक्षा लांब असली तर कॉमनवाली. पाकळ्यांच्या कडांना बारीक केस असले तर आपली."

अर्धी टेकडी तिने मला दिली. दुपारपर्यंत मी इमानेइतबारे वाकले, अकरा झेंड्या रोवल्या. मग कंबरेने संप पुकारला. शेवटचा पट्टा मी उभ्यानेच पाहिला. सगळी तीच, फिकट जांभळी. कागदावर 'वरीलप्रमाणे' लिहिलं आणि गाडीच्या सावलीत जाऊन बसले. लेकीने कागद घेतला, थँक्यू म्हणाली आणि मला पाणी दिलं.

ऑगस्टमध्ये तिने मला तयार झालेली वाट दाखवायला नेलं. ऊन तसंच होतं, मीही तशीच दमलेली. शेवटच्या पट्ट्यात ती अचानक उकिडवी बसली. उकरून कडेला टाकलेल्या मातीत कंदासकट उपटलेली रोपं वाळून पडली होती. जांभळीचं बोंड लांबट, टोकाला निमुळतं असतं. ही बोंडं बुटकी होती आणि प्रत्येकाला तीन पातळ पंख होते. मी मोजायला लागले आणि सातावर थांबले.

मग मीच म्हणाले, "हा माझा पट्टा. मी वाकले नाही गं. दमले होते."

"मी माझा भाग दोनदा चेक केला," ती म्हणाली. "तुझा नाही केला. यू आर द टेस्टर, आई."

तिच्या आवाजात राग नव्हता. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मला बोलता येतं. परतीच्या तीन तासांत ती फक्त एकदा बोलली, एसी कमी करू का म्हणून. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटायचाही कंटाळा आला होता.

हिवाळाभर मी तिला विचारत राहिले, पुन्हा येऊ का? या जूनमध्ये ती हो म्हणाली. टेकडी दुसरी होती, लिल्या त्याच. यंदा मी गुडघ्यांना पॅड बांधून गेले. प्रत्येक फुलापाशी खाली बसले, मागची पानं पाहिली, कडांवरून बोट फिरवलं, मगच लिहिलं. एक रांग संपवून पाठ सरळ करायला वळले, तर लेक माझ्या मागून येत होती. मी पाहिलेल्या प्रत्येक फुलापाशी वाकत होती.